एक्स्टेंशन्सची वर्गवारी कामानुसारच का? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरला जोडायच्या एक्स्टेंशन्ससाठी (जादा सोयी देणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी) त्याच्या मार्केटप्लेसमध्ये थीम, लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारे), फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारे) असे विभाग तयार असताना मी माझ्या यादीत विद्यार्थी, वेब डेव्हलपर, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांचे) प्रोग्रामर आणि मराठी लेखक असे वेगळे गट पाडणे हा नसता उद्योग आहे, असा आपला आक्षेप आहे. एकच माणूस दोन गटांत बसला तर त्याने काय करायचे, असेही आपण विचारले आहे.

मार्केटप्लेसमधला विभाग एक्स्टेंशन तयार करणाराच नोंदवतो. त्यावरून ते एक्स्टेंशन काय करते एवढे कळते. कोणाच्या कामात ते आड येईल, हे कळत नाही. आपल्या नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी जी-कोड (सीएनसी यंत्राला हालचाली सांगणाऱ्या सूचना) लिहिणाऱ्याचेच उदाहरण घ्या. फानुक कंपनीच्या अनेक कंट्रोलरवर (यंत्र चालवणाऱ्या संगणकांवर), पॅरामीटर (सेटिंग) तसा ठेवलेला असेल तर, ‘एक्स १००.’ म्हणजे १०० मिलिमीटर आणि शेवटचे टिंब राहिले की तेच ०.१ मिलिमीटर होते. पुढची ओळ करड्या अक्षरांत सुचवणारे एआय एक्स्टेंशन वेब डेव्हलपरचा वेळ वाचवते. इथे मात्र टॅब दाबून स्वीकारलेला चुकीचा आकडा आजूबाजूच्या आकड्यांत सहज खपून जातो आणि टूल जॉबवर (घडवायच्या वस्तूवर) आदळल्यावरच चूक उमगते. म्हणून या गटात काय घालू नये, हे मी आधी लिहिले. असा इशारा ‘प्रोग्रामिंग लँग्वेजेस’ या विभागात कुठे बसणार?

एकाच माणसाच्या दोन कामांसाठी प्रोफाइलची सोय २०२३ पासून एडिटरमध्येच आहे. प्रत्येक प्रोफाइलची एक्स्टेंशन्स आणि सेटिंग्ज वेगळी राहतात आणि एखादे फोल्डर ज्या प्रोफाइलमध्ये उघडले, तेच त्याला पुढच्या वेळीही लागू होते. दिवसा जी-कोड आणि रात्री वेबसाइटचे काम करणाऱ्याने दोन प्रोफाइल करावेत, इतके ते सोपे आहे.

एक्स्टेंशन्स गरजेपुरतीच जागी होतात, त्यामुळे ती कितीही असली तरी बिघडत नाही, हे आपले म्हणणे अर्धे मान्य आहे. पायथनची फाइल उघडेपर्यंत शांत बसणारी एक्स्टेंशन्स असतात, तशी एडिटर उघडताच कामाला लागणारीही असतात; कोणी किती मिलिसेकंद घेतले, हे ‘शो रनिंग एक्स्टेंशन्स’ या कमांडने दिसते. शिवाय एकाच भाषेचे दोन फॉरमॅटर टाकले की कोणता वापरायचा, हा प्रश्न नवख्या विद्यार्थ्यासमोर येतो आणि त्याचे उत्तर त्याला ठाऊक नसते.

थीम आणि आयकॉनचा गट मी मुद्दामच केलेला नाही. तो आवडीचा भाग आहे आणि त्यासाठी मार्केटप्लेसचा विभाग पुरेसा आहे.