८डी गाणं आणि आत्याचा डावा कान

परवा रात्री पावणेअकराला नाशिकहून आत्याचा फोन. "अरे, आमच्या मंडळाच्या ग्रुपवर ते ८डी की काय गाणं आलंय ना, माझ्या हेडफोनमध्ये बिघाड झालाय का बघ बरं, बाई गाते गाते आणि मधेच गायब होते, मग परत येते." मी विचारलं, तुला कमी कुठल्या कानाने ऐकू येतं? "डाव्या." झालं. हेडफोन ठणठणीत आहे, गाणं डावीकडे गेलं की आत्यापुरती बाई घरी जाते.

फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात असा: ही नवीन ८डी टेक्नॉलॉजी आहे, लास व्हेगासच्या स्फिअर या गोल घुमटाच्या थिएटरमध्ये लाइव्ह कॉन्सर्टला हीच वापरतात, संगीत कानाने नाही तर थेट मेंदूने ऐकू येतं, हेडफोन लावून डोळे मिटून फुल आवाजात रोज २० मिनिटं ऐका, कमी ऐकू येणाऱ्यांनाही फायदा होतो. वर चार हात जोडलेले इमोजी. गेली बरीच वर्षं मी लाइव्ह कार्यक्रमांचा साउंड बघतो, त्यामुळे आमच्या घरात असल्या गोष्टींचं उत्तर द्यायचं खातं माझ्याकडेच आहे.

"थेट मेंदूने" वर वेळ घालवत नाही. सगळं ऐकणं शेवटी मेंदूतच होतं, आत्याची कुकरची शिट्टीसुद्धा. आणि ८डी म्हणजे काय तर साधं स्टीरिओ गाणं घ्यायचं, पॅनचा नॉब (आवाज कुठल्या कानात किती ते ठरवणारा) डावी-उजवी-डावी फिरवत राहायचं, वर थोडा रिव्हर्ब, म्हणजे हॉलमधल्यासारखा घुमारा, ओतायचा. आठ डायमेन्शन कुठली ते पाठवणाऱ्यालाच विचारा, मला तीनच माहितीयेत.

नवीन पण नाही हो. २७ एप्रिल १९३३ ला बेल लॅब्स या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळावाल्यांनी फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा तीन वेगळ्या चॅनेलवरून वॉशिंग्टनच्या हॉलमध्ये लाइव्ह ऐकवला होता, आणि स्टोकोव्हस्कीसारखा मोठा कंडक्टर वाद्यवृंद असिस्टंटच्या हाती देऊन स्वतः वॉशिंग्टनला नॉब फिरवत बसला होता (आमच्या धंद्याची इतकी इज्जत नंतर कोणी केली नाही). १९६७ मध्ये लंडनला पिंक फ्लॉइड या रॉक बँडने जॉयस्टिकने आवाज हॉलभर फिरवला. असो.

आता स्फिअर. तिथे स्क्रीनच्या मागे आणि हॉलभर मिळून साधारण १,६०० स्पीकर बसवलेत, आणि हलवता येणारे ३०० धरून सगळ्यांतले छोटे छोटे ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग, मोजले तर १,६७,०००. प्रत्येकाला आवाज किती आणि किती उशिरा सोडायचा याचा वेगळा हिशोब. आणि तुमच्या हेडफोनमध्ये दोन. मोजा.

तो उशिराचा हिशोबच सगळी गंमत आहे, आणि ती बघायला व्हेगासला जायची गरज नाही, कुठल्याही मोठ्या मांडवात बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून ३४ मीटरवर खांबाला स्पीकर बांधला तर तो केबलमधून लगेच वाजणार आणि स्टेजचा आवाज तिथे १०० मिलिसेकंद मागून येणार, मग मागच्या लोकांना वाटतं बुवा खांबात बसून गातायत. म्हणून आम्ही त्या स्पीकरला १०० आणि वर दहा-पंधरा मिलिसेकंद डिले देतो. स्टेजचा आवाज आधी पोचतो, आणि जो आधी पोचला त्याच्याच दिशेला कान कौल देतो, खांबावरचा स्पीकर कितीतरी जास्त मदत करत असला तरी. थ्रीडी साउंडवाले हेच प्रत्येक वाद्यासाठी वेगळं करतात, स्टेजच्या रुंदीभर पाच-सात ठिकाणी स्पीकर टांगून, म्हणजे उजवीकडचा तबला कडेच्या खुर्चीवरही तबल्याच्याच जागेवरून येतो. नेहमीच्या दोन बाजूंच्या स्पीकरवर हे सुख फक्त मधल्या काही खुर्च्यांना. आणि गाणारी बाई गरागरा फिरत नाही, ती जागेवर असते! जागेवर ठेवणं हेच तर अवघड आहे.

एक मान्य करतो, नाइलाजाने. हेडफोनवर खरा थ्रीडी आवाज होऊ शकतो. खोट्या डोक्याच्या कानात माइक बसवून रेकॉर्ड केलं किंवा कानाच्या आकाराचं गणित लावलं तर आवाज डोक्याबाहेरून आल्यासारखा वाटतो. पण तुम्ही मान वळवली की तो सगळा हॉल तुमच्याबरोबर वळतो, ते टाळायला मानेवर लक्ष ठेवणारा हेडफोन लागतो. फॉरवर्डमधल्या गाण्यात यातलं काहीही नाही.

आता ज्याने खरं डोकं फिरलं ते. फुल आवाज, रोज २० मिनिटं, आणि तेही कमी ऐकू येणाऱ्यांना. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, ९० ला ४ तास. त्याच पटीत १०० ला २०-२५ मिनिटं, तीही आख्ख्या आठवड्याची. फोन फुल केला की हेडफोन सहज १०० च्या आसपास जातो. म्हणजे आठवड्याचा कोटा हे लोक सोमवारीच संपवायला सांगतायत, आणि ज्या बाईचा एकच कान धड उरलाय तिला! बरं, गाणारी बाई डावीकडे गेली की आत्या आवाज वाढवणार, आणि परत आली की तो वाढवलेला आवाज सगळा चांगल्या कानात. हात जोडलेले इमोजी टाकायला काय जातं.

आत्याला फोनवरच सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत नेलं, तिथे मोनो ऑडिओ असतं ते चालू करायला लावलं, दोन्ही कानांचा आवाज एकत्र होतो त्याने. आवाज निम्म्यावर आणायला लावला. तेच गाणं परत लावलं तिने. मिनिटभर शांतता.

"अगोबाई, हे तर साधंच गाणं आहे की रे."