करेलनला खलनायक का म्हणता येत नाही

सप्रेम नमस्कार.

आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाच्या ‘चाइल्डहूड्स एंड’ या कादंबरीतील करेलन या व्यक्तिरेखेवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे : साडेचारशे वर्षे परक्यांचे राज्य सोसलेल्या गोव्यात बसून, परग्रहावरून आलेल्या सत्ताधीशाला ‘कल्याणकारी’ म्हणणे अनुचित आहे, अशा राज्यकर्त्याचा बुरखा लेखकाने शेवटी फाडलाच पाहिजे, आणि आर्थर क्लार्क यांनी तो फाडला नाही, कारण ते साम्राज्य गमावत असलेल्या देशाचे लेखक होते.

ज्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी वाचलेली नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की ओव्हरलॉर्ड नावाच्या परग्रहवासीयांची प्रचंड अंतराळयाने पृथ्वीवरील मोठ्या शहरांवर येऊन स्थिरावतात आणि त्यांचा प्रमुख करेलन संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस स्टॉर्मग्रेन यांच्यामार्फत जगाचा कारभार पाहू लागतो. युद्धे थांबतात, दारिद्र्य सरते, आणि या बदल्यात तो ना खंडणी मागतो ना जमीन. फक्त आपले रूप मात्र तो पन्नास वर्षे कोणालाही दाखवत नाही.

बुरखा फाडण्याची आपली अपेक्षा मला समजते, परंतु ती पूर्ण झाली असती तर कादंबरीतील सर्वांत अवघड प्रश्न विचारलाच गेला नसता. राज्यकर्ता आतून दुष्ट निघाला की वाचकाची सुटका होते, कारण राज्य वाईट ठरण्याचे कारण त्याला आयते सापडते. राज्यकर्ता खरोखरच चांगला असेल, आपल्यापेक्षा शहाणा आणि दयाळू असेल, तर त्याचे राज्य न्याय्य ठरते काय, हा प्रश्न मग बाजूलाच राहतो. क्लार्क यांनी ही पळवाट जाणीवपूर्वक बंद केली आहे. करेलन अखेर लोकांसमोर येतो तेव्हा त्याला शिंगे, चामड्यासारखे पंख आणि टोकदार शेपटी असते. पण त्याच्या दोन्ही हातांवर माणसांची मुले निर्धास्त बसलेली असतात. उघडे पडते ते रूप, हेतू नव्हे. (नरक चतुर्दशीच्या पहाटे गावोगाव नरकासुराचे दहन करणाऱ्या आणि दोनच दिवसांनी बळीचे राज्य येवो अशी प्रार्थना करणाऱ्या आपल्या परंपरेला, असुरकुळातही प्रजाहितदक्ष राजा असू शकतो हे नव्याने शिकवावे लागत नाही.)

आता गोव्याविषयी. या कादंबरीत एक प्रसंग आहे, जो मी मूळ लेखात ओझरता सांगितला होता आणि ज्याकडे गोव्यातील वाचकाने थांबून पाहावे असे मला वाटते. अन्नासाठी आणि स्वसंरक्षणासाठी सोडून प्राण्यांना इजा करण्यास करेलन बंदी घालतो. माद्रिदमध्ये बैलाशी झुंजीचा खेळ तरीही सुरू होतो. तेव्हा बैलाला पहिला घाव बसताच सभोवतालचे हजारो प्रेक्षक वेदनेने किंचाळतात, कारण बैलाची वेदना त्याच क्षणी प्रत्येकाच्या अंगात उतरलेली असते. खेळ तेथेच संपतो. आपल्याकडे धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, उच्च न्यायालयाने १९९६ साली बंदी घातली, ती मला मनापासून योग्य वाटते, आणि तरीही सासष्टीच्या किनारी गावांत धिरयो चोरून होत राहतात, ते कायदेशीर करावेत अशी मागणी विधानसभेत पुन्हा पुन्हा येते, त्यावर वाद होतात, आणि बैलांचे हाल पूर्णपणे थांबत नाहीत. निव्वळ परिणाम मोजायचा ठरवला तर करेलनची पद्धत निःसंशय श्रेष्ठ आहे, आणि हे मान्य करताना मला अवघडल्यासारखे होते. परंतु आपल्या बंदीच्या बाबतीत समर्थक आणि विरोधक दोघांनाही न्यायालयात जाता येते, मत देता येते, शेजाऱ्याला पटवता येते. आणि जो शेजारी पटून धिरयो पाहायला जाणे सोडतो, त्याच्यात काहीतरी बदललेले असते. माद्रिदच्या प्रेक्षकांनी खेळ सोडला तो दुखले म्हणून. त्यांना कोणी काही विचारले नव्हते आणि त्यांच्या उत्तराची कोणाला गरजही नव्हती.

याहून सूक्ष्म गोष्ट विरोधकांच्या बाबतीत घडते. करेलनच्या सत्तेविरुद्ध संघटना उभी राहते, मोर्चे निघतात, आणि तो त्यांना अडवत नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला गोव्यात साधी जाहीर सभाही सहन होत नव्हती. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली, कारण त्या सरकारला लोकांच्या बोलण्याची भीती होती. करेलनला ती भीतीच नाही. म्हणूनच त्याच्या राज्यात बोलण्याची मोकळीक असते, आणि बोलण्याने निर्णय बदलण्याची शक्यता मात्र नसते. मडगावच्या त्या सभेतील मागणी भाकरीची नव्हती, नागरी हक्कांची होती. आणि तो हक्क केवळ तोंड उघडण्यापुरता नसून कारभारात आपला शब्द मोजला जाण्याचा आहे, हे मला या कादंबरीमुळे अधिक स्पष्टपणे दिसले.

पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, काळात शिस्त होती, दाराला कुलूप लावावे लागत नसे, असे म्हणणाऱ्यांच्या हाती माझ्या लेखामुळे कोलीत मिळेल, ही भीती आपण व्यक्त केली आहे. मला परिणाम याच्या उलट होईल असे वाटते. ज्याने भूक आणि युद्ध दोन्ही संपवले, ज्याने स्वतःसाठी काही घेतले नाही, अशा राज्यकर्त्याचेही राज्य जर या कसोटीवर अपुरे पडत असेल, तर धर्मसमीक्षण (इन्क्विझिशन) चालवणाऱ्या आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसवणाऱ्या राजवटीची त्या कसोटीला उभे राहण्याचीही योग्यता नाही. खलनायकाला हरवून हा युक्तिवाद सिद्ध होत नाही; त्यासाठी करेलनसारखाच प्रतिपक्ष लागतो.

क्लार्क साम्राज्याचे समर्थन करतात, हे म्हणणेही मला पटत नाही. करेलन स्वतःला एक सनदी नोकर म्हणवतो, ज्याच्या वसाहतविषयक धोरणाची आखणी त्याने केलेली नाही. त्याचे धनी वेगळेच आहेत, आणि (शेवट उघड करणे येथे अपरिहार्य आहे) मानवजातीची मुले एका विराट चैतन्यात विलीन होईपर्यंत पृथ्वी सांभाळणे, एवढेच त्याला नेमून दिलेले काम असते. त्याचे प्रेम खरे असले तरी त्याची नेमणूक आपल्यासाठी नव्हती. सुबत्तेच्या त्या काळात थोर कलाकृती निर्माण होईनाशा होतात आणि अस्वस्थ झालेले कलावंत एका बेटावर वेगळी वसाहत करतात, हा तोटाही लेखकाने लपवलेला नाही.

आणि अशी व्यक्तिरेखा केवळ इतरांवर राज्य करणाऱ्या लोकांनाच सुचते, असेही नाही. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची १९८७ सालची ‘डॉन’ ही कादंबरी आपण अवश्य वाचावी. ज्यांच्या पूर्वजांची खरेदी-विक्री झाली, अशा समाजातून ही लेखिका आली आहे. तिच्या कादंबरीतील परग्रहवासी अणुयुद्धातून उरलेल्या माणसांना वाचवतात, नायिका लिलिथच्या शरीरातील कर्करोग काढून टाकतात, आणि त्याच मायेने, तिची संमती न विचारता, माणसांनी पुढे कशी संतती जन्माला घालावी हे ठरवून टाकतात. बटलर यांनीही त्यांचा बुरखा फाडलेला नाही. लिलिथ त्यांच्याशी भांडते, त्यांच्याकडून शिकते, त्यांच्यापैकी एकावर जीव लावते आणि तरीही आपली माणसे त्यांच्या हातून सुटावीत यासाठी धडपडत राहते.