काळी पाच आधी की काळी एक?

आमच्या घरात दोघी जणी गाणं शिकतात, एक माझी मुलगी आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. मुलगी मध्यमा प्रथमला आहे, सासूबाई रिटायर झाल्यावर शिकायला लागल्या म्हणून अजून प्रवेशिका प्रथमला, म्हणजे आजी नातीच्या दोन परीक्षा मागे, आणि हे आजींना अजिबात मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं की परीक्षा कागदावरच्या असतात, गळा वेगळी गोष्ट आहे. मी गात नाही. मी रोज ऐरोलीला ऑफिसला जाते आणि परत येते, एवढाच माझा आरोह-अवरोह. पण क्लासच्या ताईंना कुठूनतरी कळलं की मला कॉम्प्युटर येतो, झालं, वसंतोत्सवाची कार्यक्रमपत्रिका आणि तिच्याबरोबर निघणारं क्लासचं वार्तापत्र माझ्या गळ्यात पडलं. 'दोनच पानं असतात गं, तासाभराचं काम आहे' असं ताई म्हणाल्या. तंबोरा लावायलाही त्या 'दोनच मिनिटं' म्हणतात, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

क्लास ठाण्याला नौपाड्यात, जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर. तिथे कुणी कुणाला आडनावाने ओळखत नाही, पट्टीने ओळखतात. म्हणजे पेटीच्या ज्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर तुमचा सा, ती तुमची ओळख (काळी एक म्हणजे पहिली काळी पट्टी). पुरुष मंडळी साधारण काळी एक नाहीतर काळी दोनमध्ये गातात, बायका काळी चार-काळी पाचमध्ये, त्यामुळे 'काळी पाच काकू', 'काळी एक काका' अशी माणसं आहेत आणि माझ्या फोनमध्येही ती तशीच सेव्ह आहेत. एकदा नवऱ्याने फोनवर 'काळी दोन काका कॉलिंग' बघितलं आणि तो बराच वेळ माझ्याकडे नुसता बघत राहिला.

तर कार्यक्रमपत्रिका. मला वाटलं नावं गोळा करायची, रागांची नावं लिहायची, एक फुलाचं चित्र टाकायचं, संपलं. मी ग्रुपवर मेसेज टाकला, 'कृपया आपण गाणार असलेला राग कळवा.' संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. बहार. बहार. बसंत. बहार. बसंत-बहार. एका काकांनी हिंडोल कळवला, तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मग परत बहार.

आता याला कारण आहे आणि ते ताईंनी मला समजावून सांगितलं. आपल्याकडे दिवसरात्रीचे आठ प्रहर आणि प्रत्येक रागाला आपापला प्रहर. बसंत रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा, बहार मध्यरात्रीचा. पण हे ऋतूचे राग असल्यामुळे वसंतात त्यांना सवलत, कधीही गा. आमचा हॉल मिळतो दुपारी साडेतीन ते साडेसात. त्या वेळेत शास्त्राप्रमाणे काय बसतं? भीमपलास बसतो, तो बऱ्याच जणांचा घासून गुळगुळीत झालाय म्हणून नको. मग मुलतानी, मारवा, पूरिया धनाश्री. म्हणजे ज्यांच्या कोमल रिषभाचं (म्हणजे नेहमीपेक्षा जरा उतरलेल्या रेचं) नाव काढलं तरी आमच्या क्लासमधल्या निम्म्या लोकांना घाम फुटतो असे राग. त्यामुळे सगळे सवलतीच्या रांगेत. त्यातही बसंतला कोमल रे आणि कोमल ध आहेत, दोन्ही मध्यम आहेत, म्हणून हुशार लोक बहारकडे वळतात. (बहारला दोन निषाद आहेत आणि तो वाटतो तितका सोपा नाही, हे ते स्टेजवर बसल्यावर कळतं.) शेकडो वर्षं मोठमोठ्या गवयांनी डोकं लावून कुठला राग कुठल्या वेळी हे बसवलं आणि आता ते ठरवतो आमचा हॉलवाला, कारण साडेसातनंतर त्याच्याकडे साखरपुडा असतो.

लहान मुलांना मात्र कसलाच नियम नाही. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुर्गा दुसऱ्या प्रहराचा, आणि आमची दुसरी-तिसरीतली पोरं भर दुपारी साडेतीन वाजता, बाहेर तलावपाळीवर ऊन रणरणत असताना, अगदी खणखणीत भूप गातात. कुणी काही बोलत नाही. मुलांनी सूर सोडला तरी आया टाळ्या वाजवतात, आणि मला वाटतं त्या योग्यच करतात.

खरी मारामारी झाली क्रमावरून.

ताईंचं म्हणणं, नेहमीप्रमाणे लहान आधी, मग प्रवेशिका, मग मध्यमा, मग विशारदवाले. साधं आहे. पण तबल्याचे दादा म्हणाले, तसं केलंत तर मी तबला वाजवत नाही, नुसता लावत बसतो. त्यांचंही बरोबर होतं. तबला गाणाऱ्याच्या सा ला लावावा लागतो. काळी एकचा तबला लहान तोंडाचा, काळी पाचचा मोठ्या तोंडाचा, एकच तबला ठोकून ठोकून कुठूनही कुठे नेता येत नाही. म्हणजे काका, काकू, काका, काकू असा क्रम लावला की दादांनी प्रत्येक वेळी तबला बदलायचा, हातोडी काढायची, गजऱ्यावर (फुलांच्या नव्हे, तबल्याच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर) ठोकाठोक करायची, आणि त्यात हॉलचा एसी. एसीत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, कोरडी होते आणि सूर चढतो, कुणीतरी समोसा आणायला दार उघडं टाकलं की ठाण्याची दमट हवा आत आणि सूर परत खाली. दादांची मागणी एकच, सगळ्या काळी एक एकत्र, सगळ्या काळी पाच एकत्र. मला हे फार पटलं, एक्सेल शीटमध्ये एका क्लिकवर सॉर्ट झालं, मी खूश.

आणि मग फोन सुरू झाले. पट्टीप्रमाणे लावल्यावर विशारद झालेले एक काका पहिलीतल्या एका मुलाच्या आधी आले. 'माझी काही हरकत नाही हो,' असं त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मला कळलं, हरकत आहे. एका आईचा मेसेज, मुलीला साडेपाचला मॅथ्सची ट्यूशन आहे, तिला आधी घ्या. दुसऱ्या आईचा, मुलाला साडेपाचपर्यंत ट्यूशन आहे, त्याला नंतर घ्या. दोघांची ट्यूशन वेगवेगळी निघाली, नाहीतर मी तिथेच हॉल बुक करणार होते. काळी पाच काकूंनी सांगितलं की त्या पहिल्या गाणार नाहीत, कारण पहिल्याला माईक सेट होत नाही, आणि शेवटच्याही गाणार नाहीत, कारण शेवटी लोक उठतात. काळी चार काकूंनीही अगदी हेच सांगितलं. माझ्या सासूबाईंनी घरातल्या घरात, पोळ्या लाटताना सांगितलं, 'मला कुठेही टाक, मी काय गं, फक्त तिच्या आधी टाक.' तिच्या म्हणजे नातीच्या. नातीनंतर गायचं तर तुलना होते म्हणे.

त्यात न्यू जर्सीच्या ताई. या आपल्या इथल्याच, लग्न होऊन तिकडे गेल्या, अजून ऑनलाइन शिकतात. त्यांना लाइव्ह गायचं होतं. पण ऑनलाइन आवाज थोडा उशिरा पोचतो, तिथे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्या तरी इथे दादांचा ठेका कधीच पुढे गेलेला असतो, त्यामुळे गाणं आणि तबला एकत्र जमतच नाही. मग ठरलं, ट्रॅकवर गाऊन व्हिडिओ पाठवा, आम्ही संध्याकाळी सहाला पडद्यावर लावू. तर त्यांचा प्रश्न आला की इथे सहा म्हणजे तिथे सकाळचे साडेआठ, मग मी सकाळचा बिलावल गाऊ का तुमच्या संध्याकाळचं काही गाऊ? हा प्रश्न मी क्लासच्या ताईंकडे पाठवला. ताईंनी दोन दिवस विचार केला. उत्तर आलं, 'बहार.'

वार्तापत्राचं वेगळंच. दरवर्षी त्यात वर एक परिच्छेद पलुसकरांवर असतो. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, राजेरजवाड्यांच्या मर्जीवर न राहता लोकांच्या पैशांवर चालणारी गाण्याची शाळा, 1908 मध्ये ते मुंबईत आले, आणि मुंबईची वास्तू पुढे कर्जापायी गेली. 1931 मध्ये ते वारल्यावर शिष्यांनी मंडळ काढलं, ज्याच्या परीक्षा आज माझ्या घरातल्या दोघी देतात आणि ज्याची मोठी इमारत आपल्या वाशीला आहे. हे सगळं मी आधीही वाचलं होतं पण या वर्षी आमच्या खजिनदार काकांना समोसा-चहाची वर्गणी मागत फिरताना बघितलं तेव्हा त्या कर्जाच्या वाक्याशी मी जरा थांबले. काका ग्रुपवर रोज रात्री दहाला 'नम्र स्मरण' टाकतात. लोक त्याला नमस्काराचा हात पाठवतात. पैसे पाठवत नाहीत.

पलुसकरांच्या खाली बातम्या. कोण प्रथम श्रेणीत पास झालं, कुणाचं लग्न ठरलं, कुणी नवी पेटी घेतली, काळी दोन काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन यशस्वी, आता ते खुर्चीत बसून गातील, क्लासमध्ये एक काळी छत्री आणि एक डबा सापडलाय (डब्याचं झाकण नाही). सगळ्या बातम्या खऱ्या. पण छापायच्या कुठल्या क्रमाने? मी लग्न वर आणि गुडघा खाली टाकला होता. काळी दोन काकूंचा, म्हणजे काळी दोन काकांच्या मिसेसचा, त्या गात नाहीत पण पट्टी नवऱ्याची लागते, फोन आला की ठीक आहे हो, लग्नं काय होतातच, गुडघा एकदाच होतो. दुसरा गुडघा पुढच्या वर्षी आहे हे त्यांनीच मागे सांगितलं होतं, पण मी बोलले नाही. गुडघा वर घेतला. मग लग्नवाल्यांचा फोन आला.

कार्यक्रमाचा दिवस, तर, व्हायचा तसा झाला. साऊंडवाल्याने पहिली पंधरा मिनिटं 'हॅलो चेक' केलं आणि त्यानंतर पहिल्या भूपाला जी शिट्टी मारली माईकने की ते पोरगं दचकून सरळ पंचमावर गेलं, आणि आश्चर्य म्हणजे तिथे तो बरोबर होता. विशारदवाल्या काकांना दहा मिनिटं दिली होती, त्यांनी आलापीतच बारा घेतली, ताई विंगेतून घड्याळ दाखवत होत्या आणि काका डोळे मिटून गात होते. मला वाटतं गवई डोळे यासाठीच मिटतात. सलग चौथा बहार सुरू झाल्यावर मागच्या रांगेतले एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, 'हा मगाशी झाला ना?' सासूबाई नातीच्या आधी गायल्या. चांगल्या गायल्या, एका जागी तान घसरली पण सम अशी काही पकडली की दादांनी मान डोलावली, आणि तेव्हापासून घरात 'दादांनी मान डोलावली' हे वाक्य मीठमिरचीबरोबर रोज वाढलं जातंय. नात नंतर गायली. तुलना झाली, पण ती कुणाच्या बाजूने झाली ते मी इथे लिहिणार नाही, मला त्याच घरात राहायचंय.

सव्वासात झाले. काळी पाच काकू अजून आल्या नव्हत्या. त्यांना मधलीच वेळ दिली होती, ना पहिली ना शेवटची, पण त्या राहतात घोडबंदर रोडला, आणि कापूरबावडीच्या अलीकडे त्या तासभर अडकल्या होत्या. दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर लोकेशन येत होतं. निळा ठिपका हलतच नव्हता. इकडे हॉलचे मामा मागचे पंखे बंद करायला लागले, साखरपुड्याची फुलं दारात येऊन पडली, एक माणूस गादी घेऊन स्टेजकडे निघालेला. ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि भैरवी सुरू केली. भैरवी तशी सकाळची, पण मैफल कधीही संपो, शेवट भैरवीने करायचा ही पद्धत, तिला वर्षभर सवलत. मामांचं या हॉलवर आयुष्य गेलंय. भैरवीचे पहिले दोन सूर ऐकले आणि त्यांनी पंखे परत चालू केले. 'संपतंय,' असं गादीवाल्याला सांगितलं आणि तोही गादीवरच बसला. वर्षभर ताई दुसऱ्यांचे सूर दुरुस्त करत असतात, स्वतः सलग अशा गातात ते याच दहा मिनिटांत, त्यामुळे मी फोन उलटा ठेवला.

आणि बरोबर तेव्हाच दार उघडून काकू आत आल्या. जरीची साडी, गजरा, हातात वही. त्यांनी भैरवी ऐकली आणि दारातच थांबल्या. भैरवीनंतर कुणी गात नाही. हे त्यांना मीच काय, कुणीच सांगायची गरज नव्हती. त्या बसल्या, शेवटपर्यंत ऐकलं, टाळ्या वाजवल्या, दोन समोसे खाल्ले आणि मग माझ्याकडे आल्या.

'वार्तापत्रात येईल ना?' त्या म्हणाल्या.

'काय काकू?'

'की मी गाणार होते.'

आता यावर काय बोलणार. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये बसून मी सुधारित अंकात बातमी टाकली, 'घोडबंदर रोडवरील वाहतूक कोंडीमुळे यंदा काळी पाचमधील बहार होऊ शकला नाही.' ताईंनी पास केली. काकूंनाही आवडली, फक्त 'बहार' ठळक कर म्हणाल्या. ग्रुपवर टाकली, अंगठे आले, नमस्कार आले, खजिनदार काकांनी त्याच्याखालीच नम्र स्मरण टाकलं. काळी दोन काकूंनी मात्र अजून काही पाठवलेलं नाही. त्यांनी मेसेज वाचलाय, निळ्या खुणा दिसतायत. बातमी मी गुडघ्याच्या वर घेतलीय.