मोरोक्कोत ‘सहारा’ विकत घेताना

मराकेशच्या मदिनेत, म्हणजे जुन्या शहरात, दर दहा पावलांवर कुणीतरी सहारा टूर विकत असतं. किंमत नंतर विचारा. आधी विचारा, रात्रीचा मुक्काम कुठे? कारण ‘सहारा’ या एकाच नावावर तीन निरनिराळ्या जागा खपवल्या जातात.

उत्तर ‘अगाफे’ आलं, तर तो तासाभरावरचा दगडगोट्यांचा उजाड माळ. संध्याकाळ छान जाते, पण वाळूच्या टेकड्या नाहीत. त्याला सहारा म्हणणं ही सरळ थाप आहे. दोन दिवसांची टूर जाते झागोराला, सुमारे ३६० किलोमीटर. वाळू आहे, टेकड्या बुटक्या. फोटोतले ते केशरी, दीडशे मीटरपर्यंत चढलेले वाळूचे डोंगर म्हणजे मर्झूगा गावाजवळचा ‘एर्ग शेब्बी’ हा वाळूचा पट्टा. तो साधारण ५६० किलोमीटरवर.

आकड्यावर जाऊ नका. मध्ये हाय ॲटलस पर्वत आहे आणि तिझी न तिश्का खिंड २२६० मीटरवर. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधीच घ्या, पुढची सीट मागा. हिवाळ्यात बर्फ पडला की हा रस्ता बंदही होतो. म्हणून मर्झूगाला तीन दिवस हवेतच. आणि तिसऱ्या दिवशी मराकेशला परत येण्यात नुसते दहा तास गाडीत जातात. माझं मत स्पष्ट आहे: टूर फेस शहरात संपणारी घ्या. रस्ता झीझ नदीच्या खजुरीच्या खोऱ्यातून, मिदेल्तवरून जातो, आणि फेसहून कासाब्लांकाला ट्रेन आहेच.

ठरवताना दुपारचं जेवण धरलंय का ते विचारा, बहुतेकदा नसतं. रोकड मर्झूगाच्या आधी लागणाऱ्या एर्फूद किंवा रिसानी गावातल्या एटीएममधूनच काढा.

शाकाहारींनी नुसतं ‘ब्ला ल्हम’ (तिथल्या अरबीत ‘मांसाशिवाय’) म्हणून थांबू नये. कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. ‘ब्ला द्जाज’ही म्हणा. तरीही ताजीनमधल्या (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला पदार्थ) बटाट्या-गाजराला मटणाचा रस्सा लागलेला असू शकतो. कडक पाळणाऱ्यांनी झालूक (वांग्याचं भरीत म्हणा ना!), खोब्झ म्हणजे पाव आणि ऑलिव्ह यांवर भिस्त ठेवावी.

डिसेंबर-जानेवारीत तंबूत रात्री पारा शून्याजवळ जातो, जाड स्वेटर हवाच. आणि उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, तेव्हा मागे रेलून बसा. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागेच.