जड मोटरसायकल साइड स्टँडवर गर्रकन फिरवण्याच्या सल्ल्यात काय चुकतं

छोट्या गॅरेजात गाडीचं तोंड उलट दिशेला कसं करायचं, यावर एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे: साइड स्टँड लावा, गाडी स्वतःकडे ओढा, दोन्ही चाकं उचलली की स्टँडच्या टोकावर जागच्या जागी अर्धा फेरा द्या. सोबत चार विधानं असतात. ताकद लागत नाही. स्टँड वजन पेलायलाच असतो. पुढे-मागे करून वळवायला एवढी जागा पुरत नाही. आणि डॉली (गाडी वर उभी करून सरकवायचा चाकांचा पाट) घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. हलक्या गाडीवर सरावलेला माणूस चित्रफितीत हे करून दाखवतो, ते खरंच आहे. २०० किलोंच्या पुढच्या गाडीला मात्र हा सल्ला देऊ नये.

«ताकद लागत नाही.» समजा गाडी २२० किलोची आहे, गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलं असं धरतात तो बिंदू) जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि स्टँडचं टोक चाकांच्या रेषेपासून ३० सेंटिमीटर बाहेर टेकलं आहे. नुसती स्टँडवर उभी असताना गाडीचा गुरुत्वमध्य त्या रेषेपासून जेमतेम १० सेंटिमीटर बाहेर आलेला असतो. उरलेले २० सेंटिमीटर तुम्ही ओढून आणायचे, आणि त्यासाठी सीटच्या उंचीवर सुरुवातीलाच ५० किलोंच्या वर जोर लागतो. गुरुत्वमध्य टोकाच्या बरोबर वर आला की जोर शून्यावर उतरतो. चित्रफितीत सगळं सोपं दिसतं ते याच क्षणी. पण तेव्हा गाडी सुमारे ३० अंश कललेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला दोन-अडीच किलो भार तुमच्या अंगावर वाढत जातो आणि हँडल खाली-खाली जातं, म्हणजे तुम्हाला वाकून पेलावं लागतं. मोकळ्या मैदानात गाडी सोडून मागे सरकता येतं. अरुंद गॅरेजात पाठीमागे भिंत असते, आणि गाडी पडते ती तुमच्याच बाजूला.

«स्टँड वजन पेलायलाच असतो.» असतो, पण वाट्याचं. वरच्याच आकड्यांनी गाडी नुसती उभी असताना स्टँडवर साधारण एक तृतीयांश भार येतो, बाकीचा चाकांवर. दोन्ही चाकं उचललीत की सगळाच्या सगळा, म्हणजे तिप्पट. त्यात फिरवताना टोक फरशीला धरून राहतं, आणि त्याचा पीळ बसतो तो बिजागरीच्या बोल्टला आणि फ्रेमवर वेल्ड केलेल्या पत्तीला. बोल्ट आधीच ढिला असेल तर पत्ती वाकते किंवा वेल्डला बारीक चीर जाते. ती लगेच दिसत नाही. नंतर गाडी स्टँडवर जास्त झुकू लागते. स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद करणारा स्विच बिजागरीपाशी असतो, त्याची जागा हलली की गिअर टाकताच इंजिन बंद पडू लागतं आणि मेकॅनिक भलतीकडेच दोष शोधत बसतो. शिवाय साइड स्टँड मागच्या दिशेला मिटतो. फिरवण्याच्या धक्क्याने तो त्या दिशेला ढकलला गेला, तर त्याला उघडा धरून ठेवायला फक्त स्प्रिंग असते.

दोन्ही चाकं एकदम उचलली जातील, हेही गृहीतच. स्टँड गुरुत्वमध्याच्या बराच पुढे बसवलेला असेल तर पुढचं चाक उचलतं आणि मागचं जमिनीवरच राहतं. गाडी फिरत नाही, मागचं टायर घासत खरडतं, आणि लोक आणखी जोर लावतात. फरशीवर साबणाचं पाणी टाकायचा सल्ला इथूनच येतो. तो ऐकू नका, त्या पाण्यावर तुमचे बूटही घसरतात.

«पुढे-मागे करून जागा पुरत नाही.» दोन चाकांतलं अंतर १.४ मीटर आणि हँडल ३५ अंश वळत असेल, तर पुढचं चाक सुमारे २.४५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात जातं. म्हणजे पुढचं चाक ६० सेंटिमीटर सरकलं की गाडी १४ अंश वळते. एकदा पुढे किंवा एकदा मागे ही एक खेप धरली, तर १८० अंशांसाठी सुमारे १३ खेपा. सव्वादोन मीटर लांबीची गाडी तीन मीटर रुंद गॅरेजात आडवी झाली तरी एवढी जागा जवळपास मिळते.

खेपा कशा घ्यायच्या ते नीट सांगायला हवं, कारण गाड्या इथेच पडतात. आधी टायरमधली हवा पुरेशी आहे ना ते बघा. कमी हवेवर गाडी ढकलायला जड जाते. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, स्टँड वर. डाव्या बाजूला उभं राहा. डावा हात डाव्या मुठीवर, बोटं क्लचवर. उजवा हात मागच्या ग्रॅब रेलवर (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीवर) किंवा सीटच्या कडेला. गाडी दोन-तीन अंश स्वतःकडे झुकवून सीट कमरेला टेकवा. एवढ्या झुकावाला साताठ किलोच भार येतो. २० अंशांना तो ५० किलोंवर जातो. क्लच दाबला की गाडी सरकते, सोडला की मागचं चाक थांबतं. हाच तुमचा ब्रेक. पुढचा ब्रेक दुसऱ्या टोकाला असतो, आणि हँडल पूर्ण वळलेलं असताना तो झटक्याने दाबला की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते. थंड इंजिनात क्लचच्या प्लेटा चिकटून गाडी अडखळत असेल, तर क्लच दाबून धरून तिला दोन-तीनदा हलवा.

तोंड डावीकडे न्यायचं असेल तर पुढे जाताना हँडल पूर्ण डावीकडे, मागे येताना पूर्ण उजवीकडे. हँडल फिरवताना गाडी इंचभर सरकती ठेवा, ते हलकं जातं. उजवीकडच्या खेपेत डावी मूठ तुमच्यापासून लांब जाते. तेव्हा हात ताणू नका, एक पाऊल पुढे टाका.

इंजिन चालू ठेवून क्लचवर खेळत वळवणं बंद गॅरेजात नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

«डॉली म्हणजे पैसे वाया.» तीन मीटर रुंदी असेल तर डॉलीची गरज नाही, हे मान्य. अडीच मीटरच असेल तर आडव्या गाडीला एका खेपेत १५ सेंटिमीटर मिळतात, म्हणजे साडेतीन अंश. तिथे डॉलीच हवी. निवडताना प्रत्येक चाकाची क्षमता गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त बघा, कारण उंचसखल फरशीवर चारपैकी तीनच चाकं टेकतात. लाद्यांच्या सांध्यात अडकणारी छोटी चाकं टाळा. फरशीला उतार असेल तर डॉली वापरूच नका.

उतार आतल्या बाजूला आणि दाराबाहेर मोकळी जागा असेल, तर गाडी बाहेरच वळवा आणि मागचं चाक पुढे करून, पहिल्या गिअरमध्ये क्लचवर सोडत-धरत आत उतरवा. निघताना तोंड दाराकडेच असेल.