आधी विचारलं, मग पुस्तक काढलं

चांगली शिफारस करायला पुस्तकांच्या दुकानातल्या माणसाने सगळे साहित्यप्रकार वाचलेले असावे लागतात, हे एका लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. वाचन हवंच, पण त्याआधी समोरच्याला विचारता आलं पाहिजे.

दीडेक वर्षापूर्वी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी वडिलांसाठी पुस्तक बघत होते. काउंटरवरच्या दादांनी पहिल्यांदा विचारलं, "काय करतात ते?" म्हटलं, चाळीस वर्षं शिवणकाम केलं, आता मशीन बंद आहे. एक शब्द न बोलता ते आत गेले आणि देविदास सौदागर यांची 'उसवण' घेऊन आले. रेडिमेडच्या लाटेत हातचं काम गेलेल्या शिंप्याची ही कादंबरी. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळालाय, हे मला घरी आल्यावर कळलं. त्यांनी पुरस्काराचं नावही काढलं नव्हतं! वर्तमानपत्रापलीकडे काही न वाचणाऱ्या बाबांनी ती चार दिवसांत संपवली, खूण म्हणून मापाची टेप घालून. पुढच्या खेपेला ते स्वतःच दुकानात आले, "अजून असं काही आहे का," विचारायला.