मार्था वॉशिंग्टननं सगळीच पत्रं जाळली?

‘जॉर्ज वॉशिंग्टननं बायकोला लिहिलेलं एकही पत्र आज उरलेलं नाही, तिनं सगळी जाळली’ हा मजकूर सध्या फिरतोय. अर्धा बरोबर आहे. पत्रव्यवहार नष्ट केल्याचं घराण्यातच सांगत आले आहेत. पण ‘एकही’ हे चूक.

१८०२मध्ये मार्था वारल्यावर तिचं लिहिण्याचं मेज नात मार्था पार्क कस्टिस पीटर हिच्याकडे गेलं. त्यात अडकून राहिलेली जून १७७५ची दोन पत्रं पुढे घरच्यांना सापडली. १८ जूनच्या पत्रात वॉशिंग्टन ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकी सैन्याचं सेनापतिपद गळ्यात पडल्याचं कळवतो, मृत्युपत्र केल्याचं सांगतो आणि ताजा कलम म्हणून काय, तर तुझ्यासाठी दोन पोशाखांची मलमल घेतली, पोशाखाला पन्नास शिलिंग पडले! सेनापती झाला तरी नवराच.

हे पत्र वॉशिंग्टन शहरातल्या जॉर्जटाऊन भागात, पीटर घराण्याच्या ट्यूडर प्लेस या वाड्यात आहे. त्या घराण्याच्या सहा पिढ्या तिथे नांदल्या आणि वॉशिंग्टन दांपत्याच्या कितीतरी वस्तू त्यांनी जपल्या. २३ जूनचं दुसरं पत्र वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या घरी आहे. तेव्हा तो मजकूर पुढे पाठवताना ‘एकही पत्र उरलेलं नाही’ हे काढा आणि ‘सगळी’च्या जागी ‘बहुतेक’ करा.